‘तुम्ही जेवले का?’ या वाक्याचा अर्थ

मालिका पाहायला लावली ती त्यानंच. चिखलीत त्याचं कृषी केंद्र आहे, वडिलांच्या वेळचं. बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइल वजनकाट्याला टेकवून उभा करतो आणि काहीबाही बघत बसतो. मी त्या दिवशी कॉलेज सुटून बुलढाण्याहून घरी निघालो होतो, एसटीत उभा होतो, आणि त्याचा फोन आला.

“एक सिरीयल हाय बे. दोन पोट्टे हायेत. पाह्य.”

“दोन पोट्टे हायेत म्हणजे काय?”

“म्हणजे दोन पोट्टेच हायेत. पोरीचं काही नाही त्याच्यात.”

आणि फोन ठेवला. युरियाच्या पोत्याचा भाव विचारला तरी हा माणूस आधी हवामानाचा अंदाज सांगतो, मग सरकारला शिव्या घालतो आणि मग भावावर येतो. त्यानं असं दोन वाक्यांत आटपलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे काही साधं नाही. खरं म्हणजे कळलंच होतं. घरी पोचेपर्यंत मी पहिला भाग एसटीतच पाहून संपवला.

मी बुलढाण्याला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. राहतो चिखलीत, रोजचं अप-डाऊन. त्याची माझी ओळख शिकत होतो तेव्हाची. तो सायन्सला, मी आर्ट्सला, आणि बुलढाण्यात एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. तेव्हापासून तो मला आवडत होता. आता हे वाक्य मी सरळ लिहितोय, पण इतक्या वर्षांत ते तोंडातून एकदाही बाहेर पडलं नाही. त्याचंही तसंच असावं, अशा खुणा पुष्कळ होत्या. माझ्या घरच्यांनी माझ्या लग्नाचा नाद केव्हाच सोडला होता. तो एकुलता एक. त्याच्याकडे स्थळं येतच होती, आणि प्रत्येक स्थळात काहीतरी खोड काढून तो टाळत होता. कुठवर टाळणार, हा प्रश्न त्याच्या आईला पडायचा तसा मलाही पडायचा. मला त्याच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की तो लग्न करणार नाही आणि का करणार नाही. मालिका आली आणि मला वाटलं, आता ऐकायला मिळेल.

मालिकेचं नाव सांगत नाही, गोष्ट सांगतो. पुण्यात एका फ्लॅटमध्ये दोघं भाड्यानं राहतात, एक पुण्याचाच आणि एक वऱ्हाडातून नोकरीला आलेला. घरमालकीण कडक. तिला सांगितलेलं असतं की हे दोघं मावसभाऊ आहेत. मग त्या मावशीची चौकशी, मावशीला जेवायला बोलवा म्हणून आग्रह, शेवटी ऑफिसातल्या एका माणसालाच लुगडं नेसवून मावशी म्हणून उभं करणं, असा सगळा गोंधळ. हसून हसून पोट दुखायचं. आणि त्या धांदलीत ते दोघं कधी एकमेकांवर जीव टाकायला लागतात, त्यांचं त्यांनाही कळत नाही. दर शुक्रवारी नवा भाग यायचा.

संध्याकाळी एसटीतून उतरलो की मी त्याच्या दुकानात चहाला थांबायचो. आधी आमचं बोलणं कापसाच्या भावावर आणि कॉलेजातल्या राजकारणावर चालायचं. आता त्या दोघांवर चालायला लागलं. त्याची एक रीतही पडून गेली. पुण्याचा मुलगा ‘तुहा’, म्हणजे माझा, आणि वऱ्हाडातला ‘माहा’, म्हणजे त्याचा.

“तुहा पुणेवाला लय घाई करते बे,” तो म्हणायचा. “घरी सांग, घरी सांग. सांगून काय भेटते?”

“मोकळं होते माणूस.”

“मोकळं होते का घराच्या बाहेर होते? माह्याचा बाप हार्टचा पेशंट हाय, त्याचं काय?”

मालिकेतल्या वऱ्हाड्याच्या बापाला काहीही झालेलं नव्हतं. तो ठणठणीत होता, दर दोन-तीन भागांनी ट्रॅक्टर चालवताना दिसायचा. हार्टचे पेशंट होते ते याचे वडील, आणि ते आतल्या बाजूला पोत्यांवर बसून पेपर वाचत होते. मी चहा संपवला. पण त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःबद्दल बोलला होता.

त्याच सुमारास मी मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये शिरलो, अर्थात खोट्या नावानं. तो आला नाही. “तिथं कोण कोण असते, काय मालूम,” म्हणाला. ग्रुपमध्ये पुण्यामुंबईची, कोल्हापूरची, परदेशातली अशी सगळीकडची मंडळी होती. मालिकेवर त्यांचं जिवापाड प्रेम होतं आणि तक्रारी करण्याची ताकद अफाट होती. दोघं जवळ आले की कॅमेरा खिडकीच्या पडद्याकडे का वळतो? घरमालकीण एका भागात घर खाली करा म्हणून ओरडते आणि पुढच्या भागात पुरणपोळी वाढते, मधल्या आठवड्यात तिला काय साक्षात्कार झाला? विनोद करायचं काम नेहमी वऱ्हाड्याकडे आणि रडायचं काम पुणेकराकडे, हे असं का? हा शेवटचा मुद्दा माझा होता. त्याला भरपूर बदाम मिळाले आणि माझी कॉलर ताठ झाली.

ग्रुपमध्ये पुण्याच्या एक बाई होत्या, दातांच्या डॉक्टर. दर शनिवारी त्या भागाचं परीक्षण लिहायच्या, लांबलचक आणि अगदी शुद्धलेखनासकट. एकदा त्यांनी लिहिलं की वऱ्हाडी मुलगा जोडीदाराला सारखा ‘बे’ म्हणतो, हे अपमानकारक आहे, अशा नात्याचं आपण कौतुक करू नये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एसटी खड्ड्यांतून उड्या मारत होती आणि मी अंगठ्यानं उत्तर टाइप करत होतो. ‘बे’ आम्ही परक्याला म्हणत नाही. गिऱ्हाइकाला, साहेबाला, सासऱ्याला म्हणत नाही. ज्याच्या ताटातली भाकर न विचारता उचलता येते त्याला म्हणतो. आणि बाई, ज्या दिवशी बे म्हणणारा माणूस ‘तुम्ही’ म्हणायला लागेल, त्या दिवशी खुशाल समजा की त्यानं दार लावून घेतलं.

बाईंनी मोठ्या मनानं परीक्षण दुरुस्त केलं. मी ते उत्तर दुकानात नेऊन त्याला वाचून दाखवलं.

“बरोबर लिहिलं बे,” तो म्हणाला. “तुम्ही म्हटलं का खतम.”

आणखी एक भांडण आठवतं. वऱ्हाड्याच्या खोलीत भिंतीवर एक फ्रेम होती. कधी तिच्यावर शर्ट टांगलेला असायचा, कधी कॅमेरा अर्ध्यातूनच मागे फिरायचा. निळी कडा तेवढी दिसायची. ग्रुपमध्ये कुणी म्हणे आजोबांचा फोटो, कुणी म्हणे कॅलेंडर. मी लिहिलं, आमच्या बौद्ध घरांत ज्यांचा फोटो असतो त्यांचाच आहे, आणि आहे तर मालिका तो सरळ दाखवत का नाही? लगेच सल्ले सुरू झाले की प्रेमाच्या गोष्टीत जात आणू नका. मी इतका चिडलो की ग्रुपच सोडणार होतो. संध्याकाळी त्याला सांगितलं, तर तो बिलं फाडता फाडता म्हणाला, “हाय ना तोच फोटो. मी पयल्याच भागात वळखला. तुह्या बाजूच्या भिंतीवर व्हता ना खोलीत, तसाच हाय.”

त्याच्या घरात तसा फोटो नाही आणि कधी असणारही नाही. त्या घरचा मुलगा इतक्या वर्षांनी माझी भिंत लक्षात ठेवून होता. मला त्याचा हात धरावासा वाटला. समोर एक जण तणनाशक मागत उभा होता, म्हणून मी उगाच त्याच्या वजनकाट्यावरची धूळ पुसली.

शेवटचा भाग आला तो नेमका पेरणीच्या तोंडावर. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, मी चहाला जाणंही बंद केलं होतं. त्या भागात वऱ्हाडी मुलगा बहिणीच्या लग्नाला गावी येतो आणि परत जातच नाही. फोन उचलत नाही. शेवटी पुणेकर त्याच्या गावी येऊन धडकतो. अंगणात सगळे नातेवाईक बसलेले. वऱ्हाडी घरातून बाहेर येतो, त्याच्याकडे बघतो आणि विचारतो, “तुम्ही जेवले का?” झालं, तिथेच संपलं.

ग्रुपमध्ये हलकल्लोळ माजला. मी लगोलग लिहिलं की काही शंकाच नको, सोडलं त्यानं. आजवर बे म्हणत होता, आज तुम्ही म्हणाला, दार लावलं. बरेच जण माझ्या बाजूनं झाले, हळहळले. मग शनिवारी बाईंचं परीक्षण आलं. त्यांचं म्हणणं असं की मुलाच्या आईकडे बघा. ती जेव्हा जेव्हा दिसते तेव्हा नवऱ्याला एकच गोष्ट विचारते, तुम्ही जेवले का. तो शेतातून आला की तेच, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं तरी नंतर तेच. त्या घरात प्रेमाला दुसरे शब्दच नाहीत. आज मुलगा सगळ्या गोतावळ्यासमोर आईचं वाक्य बोलला. अंगणातल्या लोकांना वाटलं पाहुण्याची विचारपूस केली, आणि ज्याला कळायचं त्याला कळलं. बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, तसं त्यानं त्याला तुम्ही म्हटलं.

मी सगळे भाग पुन्हा पाहिले. बाईंचं खरं होतं. आई दुसरं काही बोलतच नव्हती. मी ग्रुपवर जाहीर हार मानली, आणि हरून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. कारण तो अर्थ मला हवाच होता. आमच्या भागातला मुलगा, आमच्या बोलीत, घरच्यांसमोर उभा राहून असं काही म्हणू शकतो, यावर माझा विश्वास बसायला हवा होता आणि तो बसला.

मी त्याला मेसेज टाकला, “पाह्यलं का?”

“हाव. बरं हाय.”

नुसतं बरं? मला जरा रागच आला. एवढा शेवट, आणि हा गडी बरं हाय म्हणून मोकळा. पण दुकानात गर्दी असेल, सवडीनं बोलू म्हटलं आणि सोडून दिलं.

सवड मिळायच्या आतच त्याचा फोन आला. मी कॉलेजात स्टाफरूममध्ये होतो. इंग्रजीचे सर डबा खात होते, भूगोलाच्या मॅडम अ‍ॅडमिशनवरून कुणाला तरी झापत होत्या.

“बोलता येते का?” त्यानं विचारलं. आवाज दबलेला होता.

“बोल.”

“घरचे हो म्हण म्हणून राह्यले बे. सोयरीक आलेली हाय, पोरीवाले वाट पाहून राह्यले. सगळे जमले हायेत, मी मागं गोडाऊनमधी आलो. काय सांगू?” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, “तू सांग. तू म्हणशीन तसं करतो.”

त्यानं मला असं कधीच विचारलं नव्हतं. मी उठून व्हरांड्यात जायला हवं होतं. नको बे करू, मी हाय ना, एवढंच म्हणायचं होतं. पण मला बाहेर जायची गरजच वाटली नाही, कारण माझ्याकडे वाक्य तयार होतं. चारचौघांत बोलता येईल असं, आणि ज्याला कळायचं त्याला कळेल असं. त्यानं शेवटचा भाग पाहिला होता, तसं त्यानं कळवलंही होतं. तिकडे त्याचे नातेवाईक बसलेले, इकडे माझे सर आणि मॅडम. सगळं कसं मालिकेतल्यासारखंच जुळून आलं होतं. मी आवाजात जेवढी माया आणता येईल तेवढी आणली आणि म्हणालो,

“तुम्ही जेवले का?”

मी फोन कानाला घट्ट लावला.

“हाव,” शेवटी तो म्हणाला. “जेवलो.” आणि फोन ठेवला.

इंग्रजीच्या सरांनी विचारलं, कोण हो? मी म्हणालो, घरचंच आहे. असं म्हणताना मला चक्क लाजल्यासारखं झालं. चिखली येईपर्यंत मी एसटीच्या खिडकीशी एकटाच हसत होतो. दुकानाचं शटर खाली होतं. नकार द्यायचा म्हणजे घरात बोलणं होणारच, आज त्याला त्रास नको द्यायला, असा समजूतदार विचार करून मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख आली. त्यानं ओळखीच्या सगळ्यांना पाठवली होती, तशी मलाही पाठवली.

मी त्याला काही विचारलं नाही. मला वाटलं, विचारण्यासारखं काय उरलंय? मी जे बोलायचं ते बोललो होतो, त्यानं ते ऐकलं होतं, आणि ऐकूनही त्यानं दुसरं निवडलं होतं. हा अर्थ मला इतका स्वच्छ दिसत होता की दुसरा काही असू शकेल अशी शंकाही आली नाही. मालिकेतल्या एका वाक्यासाठी मी सगळे भाग पुन्हा पाहिले, पण ज्याच्यावर जीव होता त्याच्या ‘जेवलो’ या शब्दासाठी बाजारपेठेतून दोन गल्ल्या चालून गेलो नाही. मानी स्वभाव आहे माझा, लहानपणापासून. रुसलो की दुसऱ्यानं येऊन विचारावं अशी वाट पाहत बसतो.

लग्नाला गेलो. आहेर केला, फोटोत उभा राहिलो, वरातीत मित्रांनी ओढलं तेव्हा नाचलोही. नंतर चहाला जाणं कमी होत गेलं. ग्रुप सोडला. मालिकेचा पुढचा सीझन येणार, येणार म्हणत होते, तो काही आला नाही. बाजारात भेट झाली की तो मला बे म्हणायचा आणि मीही त्याला बे म्हणायचो, पण वर्षभर मी त्याच्यावर मनातून रागावलेलाच होतो. रात्री झोपताना त्याच्याशी भांडायचो आणि प्रत्येक भांडण जिंकायचो.

गेल्या महिन्यात भर दुपारी त्याचा फोन आला. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. हिवरा आश्रमाजवळ तिचं गाव आहे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

“आज पाह्यला बे शेवटचा भाग,” तो म्हणाला.

“कशाचा?”

“त्या दोन पोट्ट्यायचा. तवा राहूनच गेला व्हता.”

“राहून कसा गेला? मी विचारलं होतं तुले. पाह्यलं म्हणे, बरं हाय म्हणे.”

“ते मी स्थळाचं म्हटलं ना बे. त्याच दिवशी पाहून आलतो आम्ही. मले वाटलं, आईनं सांगतलं अशीन तुले.”

पाह्यलं. भाग असता तर पाह्यला झालं असतं, मुलगी असती तर पाह्यली. मी नुसतंच ‘पाह्यलं का’ विचारलं होतं. माझ्या मनात मालिका होती आणि त्याच्या मनात स्थळ, आणि शब्द दोघांनाही चालून गेला. पोरांच्या उत्तरपत्रिकेत असं कर्म गाळलेलं वाक्य दिसलं की मी लाल पेनानं खूण करतो. म्हणजे त्या दुपारी गोडाऊनमध्ये उभं राहून, तू म्हणशील तसं करतो, असं जेव्हा तो मला म्हणाला, तेव्हा त्याला कुठल्याही अंगणाची, कुठल्याही आईची गोष्ट माहीत नव्हती. त्यानं मला विचारलं, आणि मी त्याला तुम्ही म्हणालो. त्यानं मला नकार दिलाच नव्हता. माझं म्हणणं त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं, आणि मी वर्षभर त्याच्यावर रागावून बसलो होतो.

“ते शेवटी बोलते ना तो,” त्यानं सुरुवात केली. मग सावकाश म्हणाला, “त्याचा अर्थ काय होते बे? तुमच्या ग्रुपनं काय लावला? तो त्याले सोडते, का…”

त्या ‘का’च्या पुढे तो गेला नाही. वाट पाहत राहिला. बाईंचं सगळं परीक्षण माझ्या जिभेवर होतं. आई, नवरा, शेतातून येणं, भांडण, सगळे पुरावे जिथल्या तिथे. एका दमात सांगता आलं असतं, आणि सांगितलं असतं तर त्याला सगळंच कळलं असतं. तेवढ्यात त्याच्या मागून वडिलांचा आवाज आला, हिवऱ्याहून फोन आला का रे? “नाही अजून,” तो तिकडे वळून म्हणाला. मग पुन्हा फोनवर आला.

“सोडते,” मी म्हणालो. “बे म्हणणारा माणूस तुम्ही म्हणते, म्हणजे सोडतेच ना बे.”

“सगळ्यायनं तोच अर्थ लावला?”

“हाव. सगळ्यायनं.”

“बरोबर हाय,” तो म्हणाला. “मलेबी तवा तसंच वाटलं.”

भाग तर त्यानं फोन केला त्याच दिवशी पाहिला होता. मग ‘तवा’ म्हणजे केव्हा, हे मी विचारलं नाही. मी त्याला सोडलं असं तो आता जन्मभर समजेल, आणि ते त्याला मीच माझ्या तोंडानं सांगितलं.